लाल कडांची दारं

मावशींच्या कपाळाला टेंगूळ आलं आणि घरातल्यांना आयतं निमित्त मिळालं.

दोष कपाटाच्या उघड्या दाराचा होता. ओट्याच्या वर भिंतभर कपाटं. रंग गडद तपकिरी, म्हणजे जवळजवळ काळाच, आणि मागची भिंत धुराने तशीच झालेली. मावशींची नजर गेल्या वर्षभरात अधू होत चालली होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की गेलेली नजर परत यायची नाही. उजळ रंगावरचं गडद दिसेल, पण काळ्यावरचं काळं दिसणार नाही. आणि त्या स्वयंपाकघरात तर सगळंच काळ्यावर काळं. दाराची कड धाडकन कपाळात बसली.

थोरली मुलगी मागच्याच गल्लीत राहायची. ती धावत आली, तिने बर्फ लावला आणि बर्फ वितळायच्या आत निकालही देऊन टाकला.

"आई, आता बास. डबे बंद. रविवारी येते आणि शेगडी उचलून नेते. दोन वेळचं जेवण माझ्याकडून येईल."

समोरच्या छापखान्यातल्या कामगारांना मावशी दुपारचे डबे द्यायच्या. नवऱ्याचं काम बसलं की घर त्या डब्यांवर उभं राहायचं. हीच थोरली त्या डब्यांवर शिकून शहाणी झाली होती. डबे बंद म्हणजे पुढे काय, ते मावशींना लख्ख कळत होतं. आज डबे जातील, उद्या शेगडी, परवा कुणीतरी हाताला धरून खुर्चीत नेऊन बसवेल आणि बशीत चहा ओतून देईल. त्या विचारानेच त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"डोळे माझे अधू झालेत," त्या म्हणाल्या, "हात नाही झाले. शेगडीला हात लावून तर बघ! कपाटं रंगवून घेते मी. पिवळी. चांगली पिवळीधमक."

कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या मिस्त्रींना ठसका लागला. मिस्त्री म्हणजे मावशींचे यजमान. गावभर लोकांची स्वयंपाकघरं त्यांनी सजवलेली, आणि हे तर त्यांनी लग्नानंतर स्वतःच्या हाताने बायकोसाठी केलेलं. प्रत्येक दारावर कोरलेलं फूल, वर आरशासारखं पॉलिश. आल्यागेल्याला ते दारावर टिचकी मारून दाखवायचे, "अस्सल सागवान आहे, ऐका आवाज!"

"सागवानावर रंग?" मिस्त्री ओरडले. "चार लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवणार नाहीस तू!"

"चार लोक येतात का माझ्या डब्याची भाजी चिरायला?"

दुसऱ्याच दिवशी मावशींनी पदर खोचला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पिवळ्या रंगाचा डबा आणला. पहिलं दार त्यांनी उत्साहात रंगवलं. सकाळी नखाने जरा खरवडलं, तर रंग दुधावरच्या सायीसारखा अख्खा निघून हातात आला. मिस्त्रींना काय आनंद झाला! मांडीवर थाप मारून ते हसले.

"एवढ्या वर्षांच्या फोडणीचं तेल बसलंय त्यावर. आधी सोड्याच्या गरम पाण्याने धुवावं लागतं, मग पॉलिश पेपरने घासावं लागतं, मग अस्तर, मग रंग. येरागबाळ्याचं काम आहे होय ते?"

हसण्याच्या भरात आपण काय करून बसलो, हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं. मावशींनी तोपर्यंत सोड्याचं पाणी उकळत ठेवलं होतं.

मग त्या घासायला बसल्या. आणि आत्तापर्यंत हसणारे मिस्त्री एकाएकी अस्वस्थ झाले. "पुरे, हात सोलतील," म्हणाले. "मीच नवीन पॉलिश करून देतो," म्हणाले. चक्क पॉलिश पेपर लपवून ठेवला. मावशींनी तो शोधून काढला, कारण लपवायच्या बाबतीत मिस्त्री लहानपणापासून कच्चे असावेत. सगळं गादीखालीच जायचं.

घासता घासता मावशींचं बोट एका दारावर थबकलं. हे लाकूड मऊ लागत होतं. शेजारच्या दाराचं कडक, रेषा जाड. तिसरं दार तर दोन तुकडे जोडून केलेलं. सांधा बोटाला स्पष्ट लागला. डोळ्यांना इतकी वर्षं जे कधी दिसलं नव्हतं, ते हाताने झटक्यात ओळखलं. त्या गडद पॉलिशखाली एकही दार दुसऱ्यासारखं नव्हतं.

"अहो, इकडे या जरा. हे सागवान आहे?"

मिस्त्री दारात उभे राहिले. खाली बघत म्हणाले, "तुझ्या भावांना शब्द दिला होता, बहिणीला सागवानाचं स्वयंपाकघर करून देईन म्हणून. तेव्हा हातात पैसा नव्हता. गिऱ्हाइकांकडे उरलेले तुकडे मागून आणले. रंग एक दिसावा म्हणून काळं पॉलिश दिलं."

मावशींना रडू आलं, आणि रडण्यापेक्षा रागच जास्त आला.

"तुकड्यांचं काही वाटत नाही हो मला. तुकडे जोडून एवढं उभं केलंत, हे मी मिरवलं असतं. पण तुमचा मोडलेला शब्द झाकायला मी आयुष्यभर काळोखात रांधलं! आता एक तर दारं उतरवून द्या, नाहीतर बाजूला व्हा."

मिस्त्री बाजूला झाले नाहीत. जरा वेळाने पेचकस घेऊन आले आणि बिजागऱ्या सोडवू लागले. अस्तर त्यांनी लावलं, पिवळा रंग मावशींनी. शेवटी मावशींनी लाल रंग मागितला. प्रत्येक दाराची कड त्यांना लाल हवी होती. दार बंद असलं की कड दिसणार नाही. उघडं राहिलं की लाल रेघ डोळ्यांसमोर उभी राहील. मिस्त्रींनी तोंड वाकडं केलं, पण कडा त्यांनीच रंगवल्या, आणि एकही थेंब बाहेर जाऊ दिला नाही.

रविवारी थोरली आली, ती शेगडी न्यायला मोठी पिशवी घेऊनच. स्वयंपाकघरात पाऊल टाकताच तिने कपाळावर हात मारला.

"बाबा! हे तुम्ही करू कसं दिलंत? सागवान होतं ते!"

"नव्हतं," मिस्त्री म्हणाले. "उरलेसुरले तुकडे होते. सागवान म्हणून मीच मिरवत होतो."

मुलीने हातातली पिशवी खाली ठेवली. काहीतरी करायचं म्हणून ती चहा ठेवायला वळली. वरच्या कपाटातून तिने साखरेचा डबा काढला आणि आधण ठेवायला शेगडीकडे वाकली. तेवढ्यात मावशी कांद्यांची टोपली घेऊन ओट्याकडे निघाल्या. मुलीने मान वर केली. दार उघडंच होतं आणि आई सरळ त्याच्यावर चालून येत होती.

"आई, दार!"

मावशी आधीच थांबल्या होत्या. एका हाताने टोपली सावरत दुसरा हात त्यांनी लाल कडेवर ठेवला आणि दार शांतपणे लावून टाकलं.

"दारं उघडी टाकता तुम्ही," त्या म्हणाल्या, "आणि डोळे तपासता माझे!"