देवयानीतला एक ठिपका

माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, कितीतरी वर्षं माझ्याशी थेट बोललेच नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर पदर ओढायचा, बोलायचं ते सासूच्या मार्फत, अशी आमची रीत. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असायची, तरी ते सासूबाईंना म्हणायचे, "तिले सांग, वरणात मीठ कमी हाय." मी पदराआड हसायची.

अमरावतीच्या कॉलेजात ते फिजिक्स शिकवायचे, पण जीव अडकला होता देवयानीत. आपल्या आकाशगंगेची ती शेजारीण दीर्घिका. तिच्यात म्हणे मोजकेच काही प्रचंड तारे आहेत. वर्षानुवर्षं गुमान असतात अन् कधीतरी भडकतात. "अंगात येते त्याईच्या," ते म्हणायचे. असा एक तरी आपण ओळखावा, एवढंच त्यांना हवं होतं. परदेशातल्या मित्रानं देवयानीच्या फोटोच्या दोन काचा पाठवल्या होत्या, काही वर्षांच्या अंतरानं काढलेल्या. काच म्हणजे निगेटिव्ह, तिच्यावर तारे म्हणजे काळे ठिपके. ठिपका जेवढा मोठा, तेवढा तारा तेजस्वी. एक ठिपका धरायचा अन् दोन्ही काचांवर ताडून पाहायचं, हा शेजाऱ्यांपेक्षा वाढला का?

एकदा सापडला. अकोल्याच्या फोटोवाल्याकडून काचांच्या कागदी प्रती काढून आणल्या, त्यात एक तारा चांगलाच फुगलेला. भासरे कॉलेजभर सांगून बसले. पण फोटोवाल्याचं दुकान कापसाच्या जिनिंगला लागून, हंगाम भरात. कागदावर तारे पांढरे उमटतात; काचेवर कापसाचा कण बसला होता, तोच ताऱ्यासारखा पांढरा उमटला. मग रोज कोणीतरी विचारायचं, "काय सर, सरकीचा तारा उगवला का?" ते तिथे हसायचे. घरी येऊन ताटावरून उठायचे.

पुढे काचबिंदूनं नजर जाऊ लागली. गेलेली परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. त्याच दिवसांत त्यांना आणखी एक ठिपका वाढलेला वाटला, या वेळी खुद्द काचेवर. पण स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा नाही, अन् कॉलेजात दाखवायची सोय उरली नव्हती.

एका दुपारी मी डाळ निवडत होते. सासूबाई बाहेर गेलेल्या. भासरे दोन्ही काचा अन् भिंग घेऊन समोर येऊन उभे राहिले.

"बाई, पदर मांगं घ्या अन् हे पाहा. तुमाले डाळीतला खडा दिसते, हेही दिसन."

काचा खिडकीशी धरून मी त्यांनी खूण केलेला ठिपका भिंगातून पाहिला. पुन्हा पाहिलं.

"वाढला?"

"नाही जी. सारखाच हाय."

"शेजारी तर नाई वाढले त्याच्यासंगं?"

मी दूरदूरचे ठिपके ताडून पाहिले. सगळे जसेच्या तसे. तेही सांगितलं. ते खाली बसले. मग म्हणाले, "पुढचा पाहा."

त्यांची नोकरी सुटली, दिसणं संपलं, तरी आमचं चालू राहिलं. मी भिंग धरायची, ते कान देऊन बसायचे. मी म्हणायची, "सारखाच." ते म्हणायचे, "पुढचा." एकही वाढलेला निघाला नाही.

ते गेले तेव्हा आम्ही जिथे थांबलो होतो, त्याच्या पुढचा ठिपका मी अजून पाहिलेला नाही. सारखाच निघाला तर कोणाला सांगू? अन् वाढलेला निघाला, तर कोणाला?