काचेच्या पेटीत माहेरची माती

धाकट्या जावेचं मला काय खुपायचं, असं कोणी विचारलं असतं तर तेव्हा मी दहा गोष्टी सांगितल्या असत्या. तिचं बीएस्सी, तिची डोंबिवलीची भाषा, तिचं न ओरडता बोलणं. खरी गोष्ट एकच होती. माझी नऊ वर्षांची मुलगी शाळेतून आली की दप्तर माझ्याकडे फेकायची आणि धावत काकीच्या खोलीत जायची.

आम्ही कोन गावात एकाच घरात राहायचो, खाली आम्ही आणि वर दीर-जाऊ. आमची शेतजमीन गोदामवाल्यांना विकली गेली, त्या पैशांत घर पक्कं झालं आणि दिरांनी हौसेने माशांची मोठी काचेची पेटी आणली. ते लोडशेडिंगचे दिवस होते. हवेचा पंप तासन् तास बंद पडायचा आणि दोन महिन्यांत सगळे मासे गेले. रिकामी पेटी मी भंगारवाल्याला देणार होते. जाऊ म्हणाली, "ताई, राहू दे. आपण यात जंगल करू. बारा महिने पावसाळ्यातलं."

'आपण' म्हणजे ती आणि माझी मुलगी.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बेत सुरू झाला. तळाला खडी, त्यावर कोळशाचे तुकडे, मग जाळी, मग माती. आमच्या विहिरीच्या भिंतीवरचं शेवाळ, गणेशपुरीकडून नेच्याची दोन रोपटी, नाजूक पानांचा एक वेल. पेटी उत्तरेच्या खिडकीशी ठेवायची, म्हणजे ऊन थेट लागणार नाही. आणि मग राहायला कोण येणार, यावर तर दोघींची रोज सभा भरायची. मुलीला सरडा हवा होता. जाऊ म्हणायची, "त्याला धावायला एवढीशी जागा कशी पुरेल?" मी चहा द्यायच्या निमित्ताने वर गेले होते, तर म्हटलं, बेडूक ठेवा, मोरीत मिळेल. जाऊ गोड आवाजात म्हणाली, "ताई, बेडकाला रोज जिवंत किडे लागतात. कुठून आणायचे?" माझी मुलगी माझ्याकडे बघून हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चहा तिथेच ठेवून मी खाली आले आणि भांडी आपटत बसले.

शेवटी ठरलं ते असं: आधी पालापाचोळ्यातले बारीक पांढरे किडे सोडायचे, ते बुरशी खातात. मग बोट लावलं की गोळी होणारे काळे किडे. आणि रोपं रुजली की विहिरीवरच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या तीन गोगलगायी, सडकी पानं खाणाऱ्या. मुलीने त्या तिघींसाठी आधीच चपट्या दगडाचं घर करून ठेवलं होतं.

माती कुठली, एवढंच राहिलं होतं. मी म्हटलं, "माती मी आणते. मातीतलं मला कळतं."

"तुला?" मुलीने विचारलं. तिने सहज विचारलं असेल. मला ते आजही टोचतं.

शिमग्याला माहेरी गेले. माझं माहेर खाडीकाठचं. बांधाआडच्या आमच्या खारीत जो भात पिकायचा तसा गोड भात मी पुन्हा कुठे खाल्ला नाही. त्या मातीपुढे नर्सरीची माती काय! पिशवी घेऊन शेतावर निघाले तर आई म्हणाली, "आता कशाला नेतेस गो ती माती? पाऊस पडून धुतल्याबिगर ती कामाची न्हाय."

मला ठाऊक नव्हतं का? खारीतल्या पोरीला हे शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात मीठ वर येतं, पावसाच्या दोन-चार सरींनी ते धुऊन निघतं आणि मगच भात लावतात. पण पाऊस यायला तीन महिने होते आणि जावेच्या खोलीत मला आत्ता शिरायचं होतं. "वरचं वरचं खरवडून टाकते," मी म्हटलं. पांढरा थर विळ्याने काढला आणि खालची काळी माती भरून आणली.

पहिले आठ दिवस माझे होते. मुलगी मैत्रिणींना घरी आणून सांगायची, "माती माझ्या आईच्या माहेरची हाय." मीही दिवसातून चारदा जिना चढायचे. जावेने एकदा विचारलं, माती धुवायला हवी होती का? मी म्हटलं, आमच्या मातीला धुवायची गरज नसते.

मग शेवाळ पिवळं पडलं. नेच्याची टोकं करपली. मुलीच्या हट्टापायी गोगलगायी तरीही सोडल्या, तर त्या मातीला टेकेनात, काचेवरच चढून बसल्या. तिसऱ्या दिवशी तिन्ही खाली पडल्या होत्या. काचेला मातीलगत बारीक पांढरी रेघ उमटली होती. मुलगी शाळेत होती. जावेने त्या रेघेवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मग माझ्याकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी पदराने कपाळ पुसत उभी राहिले.

पाच वाजता मुलगी आली. पेटीपाशी बसून हमसून हमसून रडली. "कोणी मारलं त्यांना?" मी तोंड उघडायच्या आत जाऊ म्हणाली, "माझंच चुकलं गं. पाणी जास्त झालं."

"तू तर म्हणायचीस तुला सगळं येतं!" मुलगी किंचाळली आणि खाली येऊन माझ्या कुशीत शिरली. खरं सांगते, माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. रात्री लाज वाटली, पण ती नंतर. आणि लाजेपाठोपाठ पुन्हा हेवाच आला. तिच्या जागी मी असते तर गप्प बसले नसते, घर डोक्यावर घेतलं असतं. एवढं मोठं मन तिला कुठून मिळालं आणि मला का नाही, या विचाराने मी तळमळत राहिले.

त्यानंतर कितीतरी दिवस मुलगी वर गेली नाही. शाळेतून आली की माझ्याजवळ बसून पाढे म्हणायची. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. एका संध्याकाळी जाऊ दारात आली. हातात वाटीभर भाजलेले शेंगदाणे, मुलीला आवडतात म्हणून. तिने हळूच हाक मारली. मुलीने मान वर केली नाही. जावेने वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघू लागली. एक वाक्य बोलायचं होतं, तेही मीच बोलायचं होतं.

मी मुलीला म्हटलं, "थांबलीस का? पुढचा पाढा म्हण."