पिशव्या माहेरी निघाल्या

माझ्या मोठ्या जाऊबाई दूधकेंद्र चालवतात. केंद्र म्हणजे काय, तर रस्त्याच्या कडेला एक पत्र्याची टपरी, आत एक फ्रीज, दोन स्टुलं आणि जाऊबाईंचा आवाज. माझे यजमान गेले तेव्हा सगळे नातेवाईक येऊन हळहळून गेले. जाऊबाई हळहळल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्यापासून पहाटे माझ्याबरोबर यायचं. घरी बसून रडलीस तर नुसते डोळे सुजतील. टपरीत रडलीस तर निदान दूध तरी विकलं जाईल." त्या दिवसापासून मी तिथेच आहे. माझ्या मुलींची शिक्षणं त्याच टपरीवर झाली.

टपरीसमोरचं गटार सारखं तुंबायचं. एका सकाळी सफाईवाल्या मावशींनी त्यातला गाळ उपसला आणि ढीग आमच्याच दारात आणून ओतला. काळ्या चिखलात दुधाच्या रिकाम्या पिशव्या होत्या, आणि पिशव्या उघडताना कापून टाकलेले इवलेसे तिकोनी कोपरे तर विचारू नका.

"बघा, तुमचाच माल," मावशी म्हणाल्या.

"माझा कसा? मी विकते. गटारात टाकायला जाते का?" जाऊबाईंचा आवाज चढला.

"मी पण नाही टाकत. पण आत हात माझा जातो ना."

त्यांचा हात दंडापर्यंत काळा होता आणि तळव्याला काच लागून रक्त येत होतं. जाऊबाईंनी बादली आणली, स्वतः पाणी घालून मावशींचा हात धुतला आणि आपल्या जुन्या ओढणीची पट्टी फाडून बांधली.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना नवा कायदा लागू झाला. पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही, पिशवीलाच लटकता ठेवायचा. आणि रिकामी पिशवी विसळून, वाळवून टपरीवर आणून द्यायची. लोक आधी हसले, मग कुरकुरले, मग आणू लागले, कारण जाऊबाईंशी वाद घालण्यापेक्षा पिशवी विसळणं सोपं होतं.

पिशव्या जमल्या, पण त्यांचं करायचं काय? भंगारवाल्याने हात लावला नाही. "पातळ आहेत, वास मारतात," म्हणाला. आमच्या गॅलरीत पोती, पलंगाखाली पोती. शेवटी जाऊबाईंनी डेअरीच्या टेम्पोवाल्याला गाठलं.

"रिकामे क्रेट रोज परत नेतोस ना रे?"

"न्यावेच लागतात. कंपनीचे आहेत."

"आणि या पिशवीवर नाव कुणाचं छापलंय? माझं का?"

"कंपनीचंच की."

"मग हिलाही माहेरी घेऊन जा."

तो हसत हसत एक पोतं घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी तेच पोतं परत घेऊन आला. डेअरीने फाटकातूनच परत पाठवलं होतं. असं दोन-तीनदा झालं. मग जाऊबाईंनी क्रेट अडवून धरले. "पिशव्या नेशील तर क्रेट मिळतील. साहेबांना सांग, मी सांगितलंय म्हणून."

साहेबांनी उत्तर धाडलं नाही. आमचं दूध बंद केलं.

मी घाईघाईने म्हटलं, "जाऊबाई, देऊन टाका ना ते क्रेट. आपलं सगळं याच्यावर आहे."

त्याही हादरल्या होत्या. फ्रीज उगाच पुसत बसल्या. "उद्याचा दिवस बघू," म्हणाल्या. "नाही जमलं तर मीच नेऊन देते, माफी मागते."

सकाळी गिऱ्हाइकं आली, रिकामा फ्रीज पाहून थांबली. मी घडलं ते सांगितलं. समोरच्या दुकानात त्याच डेअरीचं दूध मिळत होतं. चार पावलं टाकायची, एवढंच. निवृत्त गुरुजी, जे कोपऱ्याच्या कायद्यावर सगळ्यात जास्त कुरकुरायचे, ते म्हणाले, "मग आम्हीही कोरा चहा पिऊ. डॉक्टर तसंही साखर-दूध कमी करा म्हणतातच." आणि पिशवी हलवत परत गेले. त्यांच्यामागून बाकीचेही. तान्ह्या बाळाची आई पण निघाली, तेव्हा जाऊबाई तिच्यामागे धावल्या. "अगं, बाळाला कशाला शिक्षा? समोरून घे तू!"

अख्ख्या गल्लीने आठवडाभर कोरा चहा प्यायला. समोरचा दुकानदार येऊन कावला, "वहिनी, तुमच्या भांडणात माझं दूध नासतंय!" त्यानेही डेअरीला फोन केला.

मग साहेब आले. जाऊबाईंनी त्यांना स्टूल दिलं, चहा दिला.

"कोराच आहे," त्या म्हणाल्या. "दूध तुम्हीच बंद केलंय."

साहेबांना हसू आवरलं नाही. जाऊबाई त्यांना गटारापाशी घेऊन गेल्या. मावशींचं काम चालूच होतं. गाळातल्या आपल्याच डेअरीच्या पिशव्या साहेबांनी वाकून पाहिल्या. मग म्हणाले, "खरं सांगू का, पिशव्या परत घेणं आमचंच काम आहे. नियमच आहे तसा. पण कुणी मागितलं नाही, आम्ही केलं नाही. वर बोलतो. शब्द नाही देत."

थोड्याच दिवसांत टेम्पो आला. दूध उतरवलं आणि साठलेली पोती चढवली. त्या सकाळी जाऊबाई प्रत्येक गिऱ्हाइकाला काहीतरी सांगायला जायच्या आणि नुसतीच पिशवी पुढे करायच्या. मला मात्र बोलता आलं. मी एकेकाला म्हटलं, "तुमचे उपकार झाले." गुरुजी म्हणाले, "उपकार कसले? फक्त आता कडक चहा लागलाय, दूध अर्धंच द्या."

आता या मार्गावरच्या सगळ्या केंद्रांवरून पिशव्या परत जातात, त्यांचे पाइप बनतात म्हणे. कोपरे अजून अधूनमधून गटारात सापडतात. कोपरा कापू नका, असं डेअरीने पिशवीवर छापलंय, पण इतक्या बारीक अक्षरांत की मुंगीला चष्मा लागावा. मोठी अक्षरं पाहिजेत म्हणून जाऊबाई सध्या साहेबांच्या मागे लागल्या आहेत. साहेब फोन उचलतात, हेही काही कमी नाही.

मावशी सकाळी काम आटोपून टपरीवर टेकतात. गटार वाहतं असलं की लवकर येतात, तेव्हा आम्ही तिघी चहा घेतो. कुणाकुणाचं किती देणं लागते हे आठवत मी कप विसळते, आणि जाऊबाई ओरडतात, "अगं, गिऱ्हाईक उभंय!"