गाडी एक रात्र बाहेर राहील

माझ्या बायकोने बर्फ पाहिला तो एकतर फ्रीजरमध्ये नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवर. तरी जपानच्या होक्काइडो बेटावर नवी स्नोमोबाइल गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी तिथल्या डीलरने काय काय करायचं, याची पुस्तिका ती लिहीत असे, आणि तीही सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात बसून. यावर कुणी हसलं की सुचित्रा शांतपणे विचारायची, "हृदयाच्या डॉक्टरला आधी स्वतःला अटॅक यावा लागतो का?" मग हसणारा मुकाट्याने चहा प्यायचा.

सुचित्रा खांबेटे, पुण्याची मेकॅनिकल इंजिनियर, वय पन्नाशीला टेकलेलं. मी गोविंद, तिचा नवरा. वुडलँड्सच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाक माझ्याकडे आणि भांडणं तिच्याकडे अशी वाटणी होती. सिंगापुरात राहण्याचा परवाना तिच्या नोकरीवर होता, माझा आणि आमच्या मुलीचा, पूर्वीचा, तिच्या परवान्यावर. म्हणजे तिची नोकरी गेली की महिन्याभरात आम्ही तिघंही सामानासकट चांगी विमानतळावर. त्यात पूर्वीची ओ लेव्हलची, म्हणजे इथल्या दहावीची, परीक्षा पुढच्याच वर्षी होती. हे सगळं मी पाठ केलं होतं, कारण बाईसाहेब ते सोयीस्करपणे विसरायच्या.

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची मोटारसायकल समजा. पुढे चाकांऐवजी दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा. ती डीलरकडे खोक्यात येते. त्याने हँडल आणि स्की बसवायच्या, बॅटरी चार्ज करायची, तेल बघायचं, ब्रेक लावून बघायचा, पट्ट्याचा ताण जुळवायचा. चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवायची एक दोरी असते, ती ओढली की इंजिन बंद पडतं का हेही तपासायचं. इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

भांडण होतं शेवटच्या कामावरून. सगळं झालं की गाडी एक रात्र बाहेर थंडीत ठेवायची आणि सकाळी थ्रॉटलचा, म्हणजे वेग वाढवायचा, खटका अंगठ्याने दाबून सोडायचा. तो आपोआप मागे यायला हवा. ऊबदार वर्कशॉपमध्ये गाडी धुतली आणि थ्रॉटलच्या केबलमध्ये पाणी शिरलं तर रात्री त्याचा बर्फ होतो. मग दाबलेला खटका दाबलेलाच राहतो, माणसाने अंगठा काढला तरी गाडी पळतच सुटते. ही तपासणी पुस्तिकेत सुचित्राने घातली होती आणि डीलर लोकांना ती नको होती. पहिला बर्फ पडला की दुकानापुढे रांग लागते, प्रत्येकाला गाडी आजच्या आज हवी असते. एक रात्र थांबायला सांगितलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

"मला शिकवू नका," सुचित्रा म्हणायची. "मी दसरा काढलेला आहे."

ते खरंच होतं. लग्नाआधी ती पुण्यात स्कूटरच्या एका शोरूमच्या सर्व्हिस विभागात होती. दसऱ्याला तिथे काय चालतं ते आपल्या लोकांना सांगायला नको. गाडी महिनाभर आधी ठरवायची, पण न्यायची मात्र मुहूर्तावरच. सकाळपासून झेंडूचे हार, नारळ, चाकाखाली लिंबू, पेढ्यांचे पुडे आणि सगळ्या घरादाराचे फोटो. त्या धांदलीत ब्रेक कुणी बघितला, हे कुणीच विचारत नाही. एका दसऱ्याला एक गृहस्थ मुहूर्त टळतोय म्हणून काउंटरवर हात आपटत होते आणि त्यांच्या स्कूटरचा पुढचा ब्रेक अजून जुळवायचा होता. मालकाने सांगितलं, देऊन टाक. सुचित्राने किल्ली पर्समध्ये टाकली, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाली, "पूजा करून घ्या. तोवर ब्रेक होतो." मुहूर्त टळला. गृहस्थांनी तिचा उद्धार केला, मालकाने दिवाळीचा बोनस कापला आणि ब्रेक जुळला. ही बाई तेव्हापासून अशीच आहे.

तर धैर्यशील. हा तिचा इथला साहेब, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, कोथरूडचा. गणपतीला आमच्या घरी मोदक हाणणारा, तिला ताई म्हणणारा. ऑक्टोबरात त्याने तिला बोलावून सांगितलं, "ताई, ती रात्रीची तपासणी काढून टाका. विक्रीवाल्यांनी वरपर्यंत तक्रार केलीय."

"आणि खटका अडकला तर?"

"आजवर किती अडकले?"

"आजवर रात्रभर बाहेर ठेवून तपासलं म्हणून नाही अडकले."

दर हंगामाची पुस्तिका तिच्या सहीशिवाय डीलरांकडे जात नव्हती, हीच त्याची अडचण. आठवडाभर घरी जेवताना दुसरा विषय नाही. शेवटी मी म्हणालो, "कर सही. तिकडे कोण कुठला जपानी गाडीवर बसणार, त्याच्यासाठी पूर्वीची शाळा सोडायची का?" मला भीती वाटत होती आणि मी ती लपवलीही नाही.

सुचित्राने भाताचा घास खाली ठेवला. "स्वतःच्या पोरीला त्या गाडीवर बसवशील?"

मी काही बोलायच्या आत आमची पूर्वी सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, स्टॉप इट लाह. आई इज राइट." मी आमटी गरम करायला उठलो. घरात मतं मोजली की मी नेहमी हरतो.

मग तिने जे केलं ते तिलाच सुचू शकतं. ऑफिसच्या दारात एक नवी स्नोमोबाइल शोभेला ठेवली होती. दसऱ्याला आपल्याच मंडळींनी तिची हार घालून पूजा केली होती, स्कीखाली लिंबूसुद्धा ठेवलं होतं, आणि त्यात धैर्यशील सगळ्यात पुढे. सुचित्राने ती गाडी डीलर धुतात तशी धुवायला लावली आणि टेम्पोत घालून आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीत नेली. तिथे टे अंकल म्हणून एका ओळखीच्या गृहस्थांचं कोल्ड स्टोरेज आहे, माशाचे गोळे गोठवून ठेवण्याचं. त्यांनी एका कोपऱ्यातली खोकी सरकवली आणि बर्फावर पळायची गाडी रात्रभर माशाच्या गोळ्यांशेजारी मुक्कामाला राहिली.

सकाळी तिने धैर्यशीलला तिथे बोलावलं. फ्लास्कमधून कॉफी पुरवायला म्हणून मीही गेलो, खरं तर बघायला. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत आम्ही तिघं उसनी जाकिटं घालून कुडकुडत होतो.

"दाब," ती म्हणाली. इंजिन बंदच होतं. धैर्यशीलने अंगठ्याने खटका दाबला आणि सोडला. खटका तसाच राहिला. त्याने तो बोटाने मागे ओढला, पुन्हा दाबला, पुन्हा तेच झालं.

"ताई, हे कोल्ड स्टोरेज आहे. होक्काइडो वेगळं."

"वेगळं आहेच. तिथे वर माणूस बसलेला असतो."

बाहेर उन्हात आल्यावर त्याने जाकीट काढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "जानेवारीत तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. पुढचं माझ्या एकट्याच्या हातात नाही. मी धमकी देत नाहीये, सांगतोय."

"सांगितलंस ना? आता माझं ऐक. गाडी एक रात्र बाहेर राहील. ज्याला ते काढायचंय त्याने स्वतःची सही करावी आणि खुशाल काढावं. तू करतोस?"

त्याने केली नाही. विक्रीवाल्यांनीही केली नाही. तक्रार करायला सगळे पुढे होते, सहीला एकही मिळेना. पुस्तिका जशीच्या तशी डीलरांकडे गेली. मला त्या दिवशी तिचा इतका अभिमान वाटला की मी श्रीखंड केलं.

डिसेंबरात कळलं की कंपनी तिचं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालवणार नाही. कारण सांगितलं विभागाची फेररचना. त्या विभागात फेररचना झालेली ती एकटीच. धैर्यशीलचा फोन आला, त्याचा आवाज रडवेला होता. सुचित्रा त्याला म्हणाली, "रडू नकोस. खटका अडकला असता तर खरं रडावं लागलं असतं." आमची पूर्वी मात्र रडली, खोलीचं दार लावून, आणि आईने विचारल्यावर म्हणाली की सर्दी झालीय. मला भयंकर राग आला होता. कंपनीचा, धैर्यशीलचा आणि खरं सांगायचं तर थोडा बायकोचाही.

जानेवारीतल्या शेवटच्या आठवड्यात ती घरूनच उरलंसुरलं काम उरकत होती आणि मी स्वयंपाकघरातली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होतो. तेवढ्यात तिचा फोन वाजला. होक्काइडोचा एक डीलर होता, ओनो नावाचा. स्पीकर लावलेला असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो अक्षरशः ओरडत होता. गिऱ्हाईक तीन तास गाडी चालवून आलंय, बायकापोरं बरोबर आहेत, समोरच उभं आहे. पलीकडच्या गावातला दुकानदार आज देतो म्हणतोय. एवढी एक गाडी तपासणीशिवाय देऊ द्या.

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. तिने आता नुसतं म्हणायचं होतं की बाबा रे, मी इथे शुक्रवारपर्यंतचीच पाहुणी, तुला हवं ते कर. कुणी तिला दोष दिला नसता. मीसुद्धा हातानेच खूण केली, सोड ना आता.

सुचित्राने माझ्याकडे पाहिलंही नाही. "गाडी कुठे आहे?" तिने विचारलं.

"वर्कशॉपमध्ये."

"बाहेर काढ. उद्या सकाळी खटका तपास आणि मग दे."

पलीकडे जपानीत काहीतरी बोलाचाली झाली. मग ओनो पुन्हा आला, त्याचा पारा आणखी चढलेला. "गिऱ्हाईक विचारतंय, हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण?"

"त्याला सांग, शुक्रवारपर्यंत हे मीच ठरवते," सुचित्रा म्हणाली. "आणि आज मंगळवार आहे."