अर्धा राहिलेला अध्याय

आमच्या चुलतसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात बायबलमधला एकही अध्याय निवडून वाचला नाही. काल जिथं खूण ठेवली, आज त्याच्या पुढचा. मग समोर लग्न असो, मयत असो की बारसं. रोज एक अध्याय, म्हणजे पुस्तक संपायला तीन वर्षांहून जास्त. संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून. वसमतच्या एका दवाखान्यात त्यांनी जन्मभर कंपाउंडरकी केली. डोस चुकवायचा नाही हा नियम त्यांनी तिथूनच घरी आणला असावा. प्रसंग पाहून वाचा, असं त्यांना सांगायच्या भानगडीत पाळकसाहेबसुद्धा पडत नसत.

डोंगरकड्याला नात्यातल्या एका मुलीचा साखरपुडा होता. काकांना वाचायला सांगितलं आणि नेमकी पाळी आली कुष्ठरोगाच्या अध्यायाची. अंगावर पांढरा डाग दिसला तर याजकानं तो कसा तपासावा, माणसाला सात दिवस कसं कोंडून ठेवावं, सगळं काकांनी ठणठणीत आवाजात शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मुलाच्या आईनं पदर हळूच कोपरावर ओढून घेतला. परतताना बसमध्ये मी म्हटलं, "काका, आजच्या दिवस प्रेमाचा अध्याय वाचला असता तर काय बिघडलं असतं?" ते म्हणाले, "सूनबाई, आपल्या मनाचं वाचलं तं आपुनच बोलून राहिलो की. मंग देवानं कवा बोलावं?" एकदा शेजारचे हळदीचे व्यापारी नव्या दुकानाचं बोलावणं घेऊन आले, तेव्हा वंशावळ्या चालू होत्या. मुसलमान गृहस्थ. तो भला माणूस अर्धा तास नुसती नावं ऐकत मांडी घालून बसला. शेवटी म्हणाला, "चाचा, कोनाचं नाव ऱ्हायलं तं न्हाई ना?" काका म्हणाले, "एकबी न्हाई." "मंग बराबर."

तर असा हा माणूस सख्ख्या थोरल्या भावाशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी, दोन वर्षं बोलत नव्हता. आणि भांडण होतं बायबलवरूनच. आजेसासूबाई गेल्या, मागं त्यांचं जुनं बायबल राहिलं. पहिल्या पानावर दोघा भावांचे जन्म आणि बाप्तिस्मे त्यांच्या हातचे लिहिलेले. सासरे म्हणाले, मी थोरला, ते माझ्याकडं राहील. काका म्हणाले, "तू पेटीत घालून ठिवशील. मी वाचतो," आणि उचलून घेऊन गेले. दोन गल्ल्यांचं अंतर. पण रस्त्यात समोरासमोर आले तर एक जण पानटपरीकडं वळायचा. त्यात सासऱ्यांचं हृदय अधू झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की आता फार काळ धरू नका. सासरे भावाचं नाव काढत नसत. फक्त संध्याकाळी दाराशी पाऊल वाजलं की विचारत, "कोन हाय?" दूधवाला निघाला की पुन्हा भिंतीकडं तोंड.

त्या शनिवारी काकांच्या घरी प्रार्थनेला दहा-बारा माणसं जमली होती. मीही गेले, भांडण त्यांचं, माझं नव्हे. अध्याय आला मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा. मागच्या फेरीत काका इथून गेले तेव्हा भांडण झालेलं नव्हतं. वाचता वाचता ते वचन आलं: अर्पण घेऊन वेदीशी आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी भावाशी समेट कर. काका थांबले. घसा खाकरून तीच ओळ तीनदा सुरू केली आणि तीनदा सोडली. मग त्यांनी पुस्तक मिटलं.

"आज इथंच."

काकू म्हणाल्या, "अवं, अध्याय अर्धा ऱ्हायला की."

"ऱ्हाऊ दे."

मग मोठी पंचाईत झाली. हा पुरा केल्याशिवाय पुढचा वाचता येईना, आणि हा पुरा करवेना. पाच दिवस पुस्तक उघडलंच नाही. काकू सांगत आल्या, "नीट जेवून बी न्हाई राहिले." मी गेले. लाडीगोडी मला जमत नाही. म्हटलं, "काका, नुसतं वाचायचं आणि करायचं नसेल, तर मामंजींच्या पेटीत काय वाईट होतं?" ते टोपी शोधायला उठले.

आमच्या दाराशी पाऊल वाजलं. सासऱ्यांनी विचारलं, "कोन हाय?"

"मी."

सासरे म्हणाले, "काहून आलास?"

"चुकलं माझं, दादा. तुझं पुस्तक आणलंय."

सासऱ्यांनी पुस्तकाकडं पाहिलंही नाही. "वाळलास किती रे," ते म्हणाले. "बस."

काकांनी राहिलेला अध्याय खाटेशी बसून पुरा केला. आवाज ठणठणीत नव्हता. मी चहाचं बघायला आत गेले आणि चहा झाल्यावरही जरा वेळ आतच थांबले.

ख्रिस्ती माणसाला बायबल कशाला लागतं, असं आमच्या शाळेतल्या बाई मला कधी कधी विचारतात. मला प्रवचन येत नाही. त्या दोन हट्टी म्हाताऱ्यांना पाळकांनी सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं. कुणाचं चाललं नाही. आपण जे टाळून पुढं जाऊ, तेच नेमकं समोर ठेवणारं कोणी तरी घरात लागतं.

सासरे त्यानंतर चार महिने होते. पुस्तक आमच्याकडं, आणि काका रोज संध्याकाळी वाचायला हजर. मयत झाल्यावर आठवड्याभरानं ते नेहमीच्या वेळेला आले, रिकाम्या खाटेकडं पाठ करून बसले. वाचून झाल्यावर मी पुस्तक फडक्यात गुंडाळून पुढं केलं. म्हटलं, "आता तुम्हीच घेऊन जा, काका."

त्यांनी ते परत माझ्याकडं सरकवलं.

"ऱ्हाऊ दे हितंच," ते म्हणाले. "मला यायला कायतरी कारन पायजे ना."