माल्टाचं पाणी

केशोरी गावातल्या आमच्या शेतात डिझेल पंप सुरू झाला की त्या वासाने मला माल्टा बेटावरच्या सहलीतली बोट आठवते. गाईड प्रत्येक गुहेपाशी बोट थांबवून भाषण ठोकायचा, पण पाण्याकडे वाकायला मनाई. आमच्याकडे नवं पाणी दिसलं की डोळ्यांना लावतात. बायकोला त्याशिवाय परतायचंच नव्हतं.

"काऊन जी, देवळाच्या दारातून माघारी जायचं का? पदर धरा माझा."

शेवटच्या गुहेत ती वाकलीच. गाईड ओरडला. खारं पाणी डोळ्यांत गेलं आणि तिथल्या पाण्याची जगप्रसिद्ध निळाई तिने पाहिलीच नाही. आता मलाही ती निळाई आठवत नाही. मुठीतला ओला पदर आठवतो.

आज पंपाचं पहिलं पाणी तिने डोळ्यांना लावलं. म्हणाली, "हे झोंबत नाही जी."