समेटाचा नारळ

तिच्या उजव्या कानाची पाळी फाटून दोन झाली होती. नवऱ्याने कुडी ओढून काढली होती. सुर्ल्याहून डिचोलीपर्यंत ती खाणीच्या टिप्परांच्या रस्त्याने चालत आली होती, त्यामुळे मानेवर रक्त कुठलं आणि खनिजाची धूळ कुठली ते धुतल्याशिवाय कळेना. मी घमेल्यात पाणी आणलं. ते लगेच लाल झालं, दुसरं आणलं तेही झालं. ती रडत नव्हती. दाराकडे पाठ करून बसायला सांगितलं तर उठून दाराकडे तोंड करून बसली.

"माका परत धाडू नकात," एवढंच ती म्हणाली.

बायकांसाठी चालवलेल्या त्या केंद्रात मला कामाला लागून थोडेच महिने झाले होते. बाजारामागे दोन खोल्या, पुढे बैठकीची आणि मागे निजायची. केंद्र चालवणाऱ्या बाई मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. साऱ्या डिचोलीत त्यांना नुसतं बाई म्हणत, आणि त्यांच्यासमोर मोठमोठे पुरुष विडी लपवत. मी पेडण्याची, शिकले इंग्रजी माध्यमात, मानसशास्त्राची पदवी घेतलेली. मराठी बोलायच्या आधी मी वाक्य मनात जुळवून घ्यायची, तोवर बोलणं पुढे गेलेलं असायचं. त्यामुळे मी गप्प राहायची आणि बघायची.

राज्य नवं होतं. भाषेच्या भांडणात रस्त्यावर जाळलेल्या टायरांचे काळे डाग अजून पुसले नव्हते. ज्यांनी एकमेकांवर दगड मारले होते ते आता एकाच बसमध्ये बसत होते आणि जनेलाबाहेर बघत होते. पण केंद्रात येणाऱ्या बायका ज्या माराबद्दल सांगत तो कुठल्याही बंदच्या दिवशी थांबत नव्हता. एकीच्या पाठीवर उकळती पेज ओतलेली. एकीची बोटं दारात चिरडलेली. मराठीवाल्याच्या घरात आणि कोंकणीवाल्याच्या घरात मार सारखाच होता.

बाईंची एक रीत होती. सोमवारी नवऱ्याला बोलवायचं. पुढच्या खोलीत दोघांना एका बांकावर शेजारी बसवायचं. बायकोने लग्नापासूनचं सगळं सांगायचं, नवऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचं. मग सगळ्यांनी ग्रामदेवतेच्या देवळात जायचं, भटजींनी देवापुढे गाऱ्हाणं घालायचं आणि नवऱ्याने पुन्हा हात उचलणार नाही म्हणून शपथ घ्यायची. शेवटी बाई स्वतः त्या बायकोची ओटी भरत. तांदूळ, खण, नारळ. माहेरची लेक सासरी पाठवावी तशी तिला नवऱ्याबरोबर पाठवत. त्या वेळी बाईंचे डोळे भरून येत, आणि ते खोटं नसे.

मी त्या बैठकींत कोपऱ्यात बसून नोंदी करायची. बायको बोलत असताना मी नवऱ्याच्या पायाकडे बघायची. तो मान खाली घालून ऐकत असे, पण एखाद्या वाक्याला त्याच्या पायाचा अंगठा जमिनीवर दाबला जाई. बायकोलाही तो दिसत असे. तिथे ती थांबे आणि म्हणे, "बस, इतकंच."

त्या सुमारास केंद्राला मदत देणाऱ्या संस्थेने विचारलं होतं की, तुमची ही पद्धत कशाच्या आधारावर चालते? तिच्यामुळे बायकांचा मार थांबतो याला पुरावा काय?

बाई भडकल्या. "पुरावा? पुरावा कोर्टात देतात." मग माझ्याकडे वळल्या. "गो बाय, तू इंग्लिशीत शिकलेली. कुठल्या तरी चांगल्या पुस्तकात आमची रीत बरोबर म्हणून लिहिलेलं असेलच. तेवढं शोधून काढ, नि मार यांच्या तोंडावर."

माझ्या नेमणुकीनंतरचं पहिलं खरं काम ते. मी पणजीच्या ग्रंथालयात जाऊन बसू लागले. एका जाड पुस्तकावर लेखकाचा हसरा फोटो होता. कुठलाही संसार वाचवता येतो, असं त्यात पानोपानी होतं. कोणाचा वाचवला, आणि नंतर त्या घरी कोणी जाऊन बघितलं का, ते कुठेच नव्हतं. एका पुस्तिकेत बायकांनी नवरा दमून आल्यावर कसं हसून सामोरं जावं ते दिलं होतं. मी ती वाचत होते तेव्हा माझ्या नखांत त्या आठवड्यात दुसऱ्या एकीच्या पुसलेल्या रक्ताची कड अजून होती. मी पुस्तिका मिटली.

शेवटी मी मुंबईच्या एका समाजकार्य महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना लिहिलं. त्यांनी न ओळखता कागदांचं पुडकं पाठवलं. ते लेख परदेशातले, रूक्ष होते. पण किती जणींना विचारलं, कधी विचारलं, ज्या सापडल्या नाहीत त्यांचं काय झालं असेल, हे सगळं लिहिणारे स्वतःच विचारत होते. आपलं कुठे चुकत असेल हे लिहायची त्यांना लाज वाटत नव्हती, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. आणि त्यांत मला हवं होतं त्याच्या उलटं होतं. मारहाण चालू असेल तर दोघांना एकत्र बसवून बायकोला बोलायला लावू नका. ती जे बोलेल त्याचा मार तिला घरी पडेल. आधी तिला एकटीला भेटा. तिला कशाची भीती आहे ते विचारा. तो कशाने मारतो ते विचारा.

पुडकं आलं त्याच आठवड्यात कान फाटलेली ती आली. येत्या सोमवारी येण्याचा तिच्या नवऱ्याला निरोप गेला होता.

मी वाक्यं नीट जुळवून बाईंना सगळं सांगितलं. त्या सुपारी कातरत ऐकत होत्या.

"हे गोऱ्यांचं," त्या म्हणाल्या. "त्यांच्यात देवाची भीती नाही. आमचा माणूस देवळात शपथ घेतो तेव्हा हातपाय कापतात त्याचे. मी बघितलंय."

"पण नंतर काय होतं ते..."

"नंतर? समेट करून पाठवल्या त्यांतली एक तरी परत आली का? सांग. आली का?"

एकही आली नव्हती. खोलीत जाऊन मी विचार करत बसले. परत न येण्याची दोन कारणं असू शकतात, आणि त्यांतलं कुठलं खरं ते त्या बायकाच सांगू शकत होत्या.

शनिवारी मी तुयेला गेले. तिथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागलेली एक बाई आमच्या नोंदींत होती, आदल्या वर्षी समेट होऊन गेलेली. जेवणाच्या सुट्टीत ती फाटकाबाहेर आली, मला ओळखलं आणि जिथे होती तिथेच थांबली. मग झाडाखाली बसून पावाचे अगदी बारीक तुकडे करून तोंडात सरकवू लागली. तिचं तोंड अर्ध्यावरच उघडत होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुमच्याच नारळान," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"बाईन ओटयेंत घाल्लो न्ही? घरा व्हरून फोडपाचो. तो हांगा फोडलो." तिने जबड्यावर बोट ठेवलं. मग हसली, ते हसणंही अर्ध्यावर अडकलं. "उंबरो सुद्दां ओलांडूंक दिलो ना. म्हणालो, आता सांग. बाईक सांगलें तें माका सांग, सुरवेपासून."

प्रत्येक वाक्यामागे एकदा, असं तिने सांगितलं. बैठकीत ती जे जे बोलली होती ते त्याने तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं, आणि प्रत्येक वाक्यामागे नारळ एकदा खाली आला. तो फुटला तेव्हा तिच्या तोंडात रक्त आणि खोबऱ्याचं पाणी एकत्र झालं. नंतर शेजारणींनी तिला म्हापशाच्या इस्पितळात नेलं.

"तू आमच्याकडे आली का नाहीस?"

"येवन कितें सांगूं? तुमीच धाडिल्लें." तिने पाव पदरात बांधला. भोंगा झाला होता. "मागीर तुमच्यातलें कोण बघूंक आयलें ना. तूंच पयलें."

मी डिचोलीला आले आणि बाईंना ती बोलली तसंच सांगितलं, तिच्याच शब्दांत, कारण माझी वाक्यं जुळत नव्हती. बाईंनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाल्या, "कुठला नारळ? मोठा होता?" आणि स्वतःच्याच प्रश्नाने दचकल्यासारख्या उठून आत गेल्या.

सोमवारी सकाळी बाई एवढंच म्हणाल्या, "तू म्हणतेस तसं आधी तिला वेगळं विचार. पण देऊळ चुकणार नाही."

मागच्या खोलीत मी त्या कान फाटलेलीसमोर बसले. तो इथे नाही, ऐकत नाही, तू बोललेलं पुढच्या खोलीत जाणार नाही, असं मी सांगितलं. मग विचारलं, "तो कशाने मारतो?"

आजवर आम्ही तो का मारतो असं विचारत होतो, कशाने ते कोणी विचारलं नव्हतं. ती लगेच बोलली. हाताने, पट्ट्याने, आणि हल्ली टॉमीने, चाकाचे नट काढायच्या त्या लोखंडी दांड्याने. एकदा टिप्परच्या मागच्या चाकाखाली तिचं डोकं धरून त्याने क्लीनरला गाडी चालू करायला सांगितली होती. क्लीनर पळून गेला म्हणून ती वाचली.

"ह्यां सगळां बाईंका सांगू?" मी विचारलं. माझ्या तोंडून तिचीच बोली आली.

"सांगा. पण तेच्यासमोर माका बसवू नकात. तो थय काय बोलूचो नाय. घराक गेल्यावर बोलतलो."

मी बाईंना सांगितलं. टिप्परचं ऐकताना त्यांनी जनेलाचा गज धरला.

तो वेळेवर आला. अंघोळ केलेला, कपाळावर गंध, इस्त्रीचा शर्ट. हातात तिच्या चपला होत्या, कागदात गुंडाळलेल्या. बाईंच्या पायांना हात लावून म्हणाला, "आई, माझा चुकला. दारू डोक्यात गेली. देवासमोर सांगतंय, आता बोट लावूचंय नाय."

मी बाईंचा चेहरा बघितला. तो मऊ होत होता. चपला कागदात गुंडाळून आणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायला सगळ्यांनाच आवडतं. मी त्याचा पाय बघितला, अंगठा जमिनीवर दाबलेला.

"ती आज येणार नाही," बाई म्हणाल्या. "देवळातही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तिला यायचं नाही."

"माझी बायल ती. तुमी कोण?" आवाज अजून खालीच होता. "तिका भायर काडा."

मी मधल्या दारात जाऊन उभी राहिले. असं मी ठरवलं नव्हतं, पण तिथून दुसरीकडे जायला जागाच नव्हती. त्याने बांक उचलला. पहिला फटका कपाटावर गेला, दुसऱ्याने जनेलाची काच फुटून माझ्या केसांत आली. बाई "अरे" म्हणून पुढे झाल्या, तर त्याने त्यांना छातीवर हात देऊन भिंतीवर आपटलं. त्यांच्या मनगटाचा आवाज मी ऐकला. ओलं लाकूड मोडावं तसा. मग तो माझ्याकडे वळला. त्याने माझी वेणी हाताला गुंडाळली आणि माझं डोकं चौकटीवर मारलं. मी चौकट सोडली नाही. मागच्या खोलीत तिने कडी लावून दाराला खाट लोटल्याचं ऐकू आलं, आणि मला बरं वाटलं, कारण ती तयारी तिने सकाळीच करून ठेवली असणार.

समोरचा शिंपी आणि चहावाला धावत आले. तिघाचौघांनी मिळून त्याला खाली पाडलं. पालथा असतानाही तो बाईंकडे बघून ओरडत होता, "आई म्हटलंय मी तुमका! आई म्हटलंय!"

पोलीस आले. घरचा वाद आहे म्हणू लागले. बाईंनी लोंबणारा हात दुसऱ्या हातावर उचलून त्यांच्यापुढे धरला. "हे माझं घर नव्हे, नि मी याची बायको नव्हे. आता लिहा."

प्लास्टर घालून आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. संस्थेला उत्तर जायचं होतं. "लिही," त्या म्हणाल्या. "आमच्या रीतीला पुरावा नाही. जो मिळाला तो विरुद्ध आहे. आतापर्यंत पाठवलेल्या सगळ्यांकडे आम्ही जाणार आहोत." थोड्या वेळाने म्हणाल्या, "ओटी मी भरत होते हेही लिही." मी ते लिहिलं नाही. त्यांनी वाचून दाखवायला लावलं आणि ते माझ्याकडून लिहून घेतलं.

ती मागच्या खोलीतून आली तेव्हा बाईंनी सवयीने तोंड उघडलं, मग मिटलं. "तुला कुठे जायचंय?" त्यांनी विचारलं.

हे तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. ती बांकाचे तुकडे गोळा करू लागली.

पावसाळा संपेपर्यंत ती तिथेच राहिली. मग दोडामार्गच्या बाजूला एका काजूच्या कारखान्यात कामाला लागली, खोली घेऊन. मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा तिने चहा दिला. काजूच्या टरफलातल्या डिकाने हाताची कातडी सोललेली होती आणि ते हात ती हसत दाखवत होती. दुसऱ्यांदा दार बंद होतं. मी हाक मारली. आतून ती म्हणाली, "बरी आसय मी. जावा तुमी आता."

दाराबाहेर चपलांचा एकच जोड होता, बायकांचा. मी दारात उभी राहून कान दिला. दुसरा आवाज नव्हता. तिचा आवाज बरा वाटला. मी तेवढंच लिहून घेतलं, आणि त्याखाली लिहिलं की, दार उघडलं नाही.